पोफळीचे पाणी, रनपारचे पीव्हीसी आणि इन्स्ट्रुमेंटेशनची पदवी

कारखान्यातील तापमान, दाब, प्रवाह, पातळी या राशी सतत मोजत राहणे आणि त्या ठरलेल्या मूल्यावर टिकवणे, या दोन कामांचे शास्त्र म्हणजे इन्स्ट्रुमेंटेशन अँड कंट्रोल इंजिनिअरिंग. सिव्हिलचा पूल दिसतो, मेकॅनिकलचे यंत्र दिसते; या शाखेचे काम सहसा दिसत नाही. त्यामुळे बारावीनंतर प्रवेशाचे पर्याय भरताना ‘यात नक्की करतात काय?’ हा प्रश्न घरोघर निघतो. रत्नागिरी जिल्ह्यात त्याचे उत्तर जवळच आहे. पोफळी-अलोरे परिसरात कोयनेची वीजगृहे, अंजनवेलला १९६७ मेगावॉटचा रत्नागिरी गॅस प्रकल्प, जयगडला १२०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र, लोटे-परशुरामला रासायनिक वसाहत आणि रनपारला फिनोलेक्सचा पीव्हीसी कारखाना. हे प्रकल्प केवळ हाताने झडपा फिरवून चालवणे शक्य नाही.

पीव्हीसीचेच उदाहरण घेऊ. व्हिनाइल क्लोराइड हा वायू दाबाखाली द्रवरूप करून पाण्यात बारीक थेंबांच्या रूपात घुसळतात आणि त्याचे रेणू एकमेकांना जोडून लांब साखळ्या बनतात. साधारण ५० ते ७० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात नेमके कोणते तापमान राखले, यावर साखळीची लांबी ठरते आणि लांबीवर माल पाइपच्या कामाचा की दुसऱ्या कशाच्या, हे ठरते. सुरुवातीला रिॲक्टर तापवावा लागतो. एकदा अभिक्रिया पेटली की ती स्वतःच उष्णता सोडते, आणि मग तोच रिॲक्टर थंड ठेवण्याची धडपड सुरू होते. थंडावा देणारे पाणी रिॲक्टरभोवतीच्या जॅकेटमधून फिरते. त्याचा परिणाम आतल्या मिश्रणापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. केवळ आतल्या तापमानाकडे बघून झडप हलवली, तर दुरुस्ती नेहमी उशिराच होणार. म्हणून दोन नियंत्रक एकात एक गुंफतात. बाहेरचा आतल्या तापमानावर लक्ष ठेवतो आणि जॅकेटचे तापमान किती हवे ते सांगतो. आतला फक्त जॅकेट सांभाळतो आणि झटपट हलतो. याला कॅस्केड कंट्रोल म्हणतात. तिसऱ्या वर्षाच्या पुस्तकात त्याची आकृती अर्ध्या पानात संपते, पण त्यामागचा उशीर हाच या सगळ्या विषयाचा गाभा आहे.

उशिराचा याहून विलक्षण नमुना पोफळीला आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरून बंद नळांतून उतरणारे पाणी पेल्टन टर्बाइनच्या वाट्यांवर आदळते. विजेची मागणी वाढली की ग्रिडची वारंवारता ५० हर्ट्झच्या खाली घसरू लागते आणि टर्बाइनचा वेग राखणारा गव्हर्नर पाण्याची धार सोडणारे नोझल अधिक उघडतो. पण नळातला पाण्याचा अजस्र स्तंभ लगेच वेग घेत नाही. नोझलपाशी दाब क्षणभर उतरतो आणि वीज वाढण्याऐवजी आधी थोडी कमीच होते! उतावळा गव्हर्नर ही घट पाहून आणखी उघडेल आणि हेलकावे सुरू होतील. उलट, भार अचानक गेला म्हणून नोझल झटक्यात मिटले तर नळात पाण्याचा जबरदस्त तडाखा बसेल. म्हणून पाण्याची धार आधी पात्याने बाजूला वळवतात आणि नोझल सावकाश मिटते. गव्हर्नर किती तत्पर असावा याचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ साली मांडले, आणि विद्यार्थी कंट्रोल सिस्टिम्समध्ये स्थिरतेचे जे निकष शिकतात त्यांची सुरुवात तिथूनच होते.

पदवी चार वर्षांची, आठ सत्रांची. पहिली दोन वर्षे गणित आणि इलेक्ट्रॉनिक्सची. लाप्लास रूपांतर इथेच भेटते आणि अनेकांचा दम काढते. पुढे सेन्सर, कंट्रोल व्हॉल्व्ह, प्रोसेस कंट्रोल आणि पीएलसी, स्काडा, डीसीएस या संगणकीय नियंत्रणप्रणाली. पीआयडी (प्रपोर्शनल-इंटिग्रल-डेरिव्हेटिव्ह) नियंत्रकाच्या ट्यूनिंगसाठी झिग्लर आणि निकोल्स यांची १९४२ची पद्धत आजही शिकवतात. तिच्यातून मिळणारे आकडे प्रत्यक्षात बरेचदा जास्तच आक्रमक ठरतात, हे मात्र प्लांटवर गेल्यावर कळते.

प्रयोगशाळेत पहिली ओळख होते ती ४ ते २० मिलिॲम्पिअरच्या सिग्नलशी. टाकी रिकामी तर ४, अर्धी तर १२, भरलेली तर २०. शून्यापासून सुरुवात न करण्यात मोठे शहाणपण आहे: तार तुटली की सिग्नल शून्यावर जातो, आणि टाकी रिकामी आहे की तार तुटली आहे, हा गोंधळ राहत नाही. कॅलिब्रेशन करताना ४, ८, १२, १६, २० हे पाच बिंदू चढत्या आणि उतरत्या क्रमाने तपासतात. कोकणात या कामाला आणखी एक बाजू आहे. खाऱ्या हवेत टर्मिनल गंजतात, पावसाळ्यात जंक्शन बॉक्समध्ये ओल शिरते आणि मोजमापाचा सिग्नल पाठवणारा चांगला ट्रान्समीटरही खोटे बोलू लागतो. केबल ग्लँड नीट कसला का, हे परीक्षेत कोणी विचारत नाही.

खोटे वाचन किती महाग पडते, ते २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेतील टेक्सास सिटीच्या रिफायनरीत दिसले. मनोऱ्यातील द्रव चढत असताना पातळीमापक तो उतरत असल्याचे दाखवत राहिला. मनोरा भरून वाहिला, स्फोट झाला आणि १५ जण मेले. धोक्याच्या वेळी प्लांट बंद पाडणारी यंत्रणा रोजच्या नियंत्रणापासून वेगळी ठेवण्याचा आग्रह अभ्यासक्रमात असतो तो अशा घटनांमुळेच.

ही शाखा मुंबई विद्यापीठात आहे, पुण्याच्या सीओईपीत आहे, नांदेडच्या श्री गुरू गोबिंदसिंगजी संस्थेत आहे. रत्नागिरीत १९९६ साली स्थापन झालेली फिनोलेक्स अकॅडमी हे अभियांत्रिकी महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे. केमिकल, इलेक्ट्रिकल किंवा मेकॅनिकल घेणाऱ्यालाही नियंत्रणाचे एखाद-दोन विषय वाट्याला येतातच. त्या विषयांच्या पायावर पुढे प्लांटमध्ये अनुभव घेऊन इन्स्ट्रुमेंटेशनचे काम करणारे पुष्कळ आहेत.

प्रवेश बारावी विज्ञानानंतर सीईटीच्या गुणांवर, किंवा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला. बाहेर पडल्यावर काम तीन ठिकाणी मिळते: प्लांटच्या देखभालीत, प्रकल्पाच्या आखणीत आणि उपकरणे बनवणाऱ्या कंपन्यांत. नव्या प्लांटवर कमिशनिंगच्या आधी लूप चेकिंग चालते. एकजण फील्डमध्ये ट्रान्समीटरला सिग्नल देतो, दुसरा कंट्रोल रूममध्ये पडदा वाचतो आणि वॉकीटॉकीवर ‘फिफ्टी परसेंट आला’ म्हणून सांगतो. असे शेकडो लूप. देखभालीत शिफ्ट असते आणि रात्रीचा फोनही. ज्यांना ते नको, ते सॉफ्टवेअरकडे वळतात, आणि अशांची संख्या थोडी नाही. शिक्षण पुढे न्यायचे असेल तर गेट परीक्षेत इन्स्ट्रुमेंटेशनची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे.