कोणता प्रोसेसर वेगवान? आधी काम विचारा!

संगणक घ्यायचे ठरले की पहिला प्रश्न येतो, 'प्रोसेसर कोणता घ्यावा?' शाळेत संगणक शिकवणाऱ्या शिक्षकांना हा प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणारा विद्यार्थी असला तर त्याच्या डोक्यात खेळ असतात. पालकांना मुलीच्या ॲनिमेशनच्या किंवा अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमाची काळजी असते. मुख्याध्यापकांपुढे संगणक कक्षासाठी मंजूर झालेली मोजकी रक्कम असते. तिघांनाही बहुधा एकच सल्ला मिळतो : आकडा मोठा तो प्रोसेसर चांगला. आणि आकडे तर खोक्यावर छापलेलेच असतात.

हा सल्ला कितपत खरा आहे? ते तपासायला आपण दोन खरे प्रोसेसर शेजारी शेजारी ठेवू. दोन्ही आता मागच्या पिढीतले झाले आहेत. पण आपल्या प्रश्नासाठी ही जोडी फार सोयीची आहे.

एकाच घरातली दोन भावंडे

ए.एम.डी. या अमेरिकन कंपनीने नोव्हेंबर २०२० मध्ये 'रायझन ९ ५९५०एक्स' हा प्रोसेसर बाजारात आणला. एप्रिल २०२२ मध्ये तिनेच 'रायझन ७ ५८००एक्स-थ्रीडी' आणला. सोयीसाठी पहिल्याला आपण 'थोरला' म्हणू आणि दुसऱ्याला 'धाकटा'.

दोघांची मूळ रचना एकच, तिचे नाव 'झेन ३'. दोघांच्या कोअर असलेल्या चिप तैवानमधल्या टी.एस.एम.सी. कंपनीच्या ७ नॅनोमीटर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तंत्राने बनलेल्या. दोघे एकाच प्रकारच्या खोबणीत बसतात आणि दोघांवर १०५ वॅट हाच आकडा लिहिलेला असतो. विज्ञानाच्या प्रयोगात आपण बाकीच्या गोष्टी सारख्या ठेवतो आणि मोजक्याच गोष्टी बदलतो. तसा प्रयोग इथे जवळजवळ तयारच मिळाला आहे.

आता फरक पाहू. थोरल्यात १६ कोअर आहेत, धाकट्यात ८. कोअर म्हणजे स्वतंत्रपणे आकडेमोड करू शकणारा एकेक गाभा. थोरल्याचा कमाल वेग ४.९ गिगॅहर्ट्झ, धाकट्याचा ४.५. बाजारात आले तेव्हा थोरल्याची किंमत ७९९ डॉलर होती आणि धाकट्याची ४४९. धाकट्याकडे एकच गोष्ट जास्त आहे : चिपवरच असलेली तिसऱ्या पातळीची 'कॅश' स्मृती. थोरल्याची ६४ मेगाबाइट, धाकट्याची ९६.

खोक्यावरचे आकडे पाहून कोणीही थोरल्यालाच मत देईल. प्रत्यक्षात काय झाले? त्रिमिती चित्रे तयार करण्याच्या कामात थोरला धाकट्याच्या पावणेदोन पटीच्या आसपास काम उरकतो. पण अनेक संगणकीय खेळांमध्ये निम्म्या कोअरचा, कमी वेगाचा आणि कमी किमतीचा धाकटाच पुढे जातो! असे का व्हावे?

वाटता येणारे काम, न येणारे काम

समजा, शाळेत ८०० उत्तरपत्रिका तपासायच्या आहेत. ८ शिक्षकांऐवजी १६ बसले तर काम जवळपास निम्म्या वेळात होईल. कारण एका उत्तरपत्रिकेचे गुण दुसरीवर अवलंबून नसतात. पण शाळेचे वेळापत्रक करायचे असेल तर? आठवी अ चा गणिताचा तास ठरल्याशिवाय त्याच शिक्षकांचा नववी ब मधला तास ठरत नाही. या कामाला १६ जण बसवले तर काम वाढेल ते वेगळेच.

त्रिमिती चित्रनिर्मिती, म्हणजे रेंडरिंग, हे उत्तरपत्रिकांसारखे काम आहे. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याचा रंग प्रकाशकिरणांच्या हिशेबावरून काढायचा असतो, आणि एका ठिपक्याचा हिशेब शेजारच्या ठिपक्यासाठी थांबत नाही. म्हणून चित्राचे तुकडे करून ते १६ कोअरना वाटता येतात.

खेळाचे तसे नसते. खेळाडूने कळ दाबली, त्यावरून गाडी वळली, वळल्यामुळे ती भिंतीवर आपटली, आपटल्यामुळे तिची दिशा बदलली. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीची वाट पाहते. काही भाग वाटता येतो, पण मुख्य साखळी एखाद-दुसऱ्या कोअरलाच ओढावी लागते.

हा विचार संगणकतज्ज्ञ जीन आमडाल यांनी १९६७ मध्ये मांडला. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम आठवीच्या गणितात बसेल इतका सोपा आहे. एका कोअरला १०० मिनिटे लागणारे काम घ्या. त्यातला ९९ मिनिटांचा भाग वाटता येतो आणि १ मिनिटाचा येत नाही. मग ८ कोअरना लागतील १ + ९९/८, म्हणजे सुमारे १३.४ मिनिटे. १६ कोअरना १ + ९९/१६, म्हणजे सुमारे ७.२ मिनिटे. वेळ जवळपास निम्मा झाला.

आता निम्मेच काम वाटता येते असे समजा. ८ कोअरना लागतील ५० + ५०/८, म्हणजे सुमारे ५६.३ मिनिटे. १६ कोअरना ५० + ५०/१६, म्हणजे सुमारे ५३.१ मिनिटे. कोअर दुप्पट झाले, पण वाचली जेमतेम तीन मिनिटे. कितीही कोअर लावले तरी ५० मिनिटांच्या खाली हे काम जाणारच नाही.

खेळात थोरल्याचे जादा कोअर फारसे उपयोगी का पडत नाहीत, ते यावरून कळले. पण धाकटा पुढे का जातो, हे अजून कळलेले नाही. त्यासाठी दुसरा प्रश्न विचारायला हवा : कामाचे सामान किती दूर ठेवलेले आहे?

सामान हाताशी की गोदामात?

४.५ गिगॅहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४५० कोटी ठोके. एका ठोक्यात कोअर एखादी बेरीज सहज करतो. पण बेरीज करायचे आकडे त्याच्या हाती असायला हवेत. ते कुठे असतात?

कल्पनेला सोपे जावे म्हणून एका ठोक्याला एक सेकंद मानू. पहिल्या पातळीच्या कॅशमधून आकडा यायला सुमारे ४ सेकंद लागतात. हा जणू टेबलाचा खण. पण तो फार लहान, आकड्यांसाठी प्रत्येक कोअरला फक्त ३२ किलोबाइट. दुसऱ्या पातळीला सुमारे १२ सेकंद. ही शेजारची फडताळे, प्रत्येक कोअरला ५१२ किलोबाइट. तिसऱ्या पातळीला ५० सेकंदांच्या आसपास. हे शिक्षक-खोलीतले सामायिक कपाट. तिथेही नसेल तर चिपबाहेरच्या मुख्य स्मृतीत जावे लागते, आणि त्याला लागतात सुमारे ३०० सेकंद. म्हणजे पाच मिनिटे चालत जाऊन गोदामातून वस्तू आणायची, आणि ती केवळ एका बेरजेसाठी! (ही 'कॅश' म्हणजे रोख पैसे नव्हेत. 'लपवणे' या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून ते नाव आले आहे.)

खेळात पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे उमटवायची असतील तर एका चित्रासाठी कोअरला ७.५ कोटी ठोके मिळतात. ऐकायला पुष्कळ वाटतात. पण गोदामाच्या एका खेपेला ३०० ठोके जात असतील, तर अडीच लाख खेपांत सगळे संपले. खेळात शेकडो पात्रे, वस्तू आणि भिंती असतात. त्यांची माहिती स्मृतीत विखुरलेली असते, आणि तीच माहिती दर चित्राला, म्हणजे सेकंदाला ६० वेळा, पुन्हा लागते. ती कपाटात मावली तर खेपा वाचतात. नाही मावली तर दर वेळी गोदाम.

समजा, तिसऱ्या पातळीकडे १००० वेळा विचारणा झाली. लहान कपाटात ७०० वेळा वस्तू सापडली आणि ३०० वेळा नाही. सापडली तर ५० ठोके, न सापडली तर ३५०. एकूण ठोके झाले १,४०,०००. मोठ्या कपाटात ९०० वेळा सापडली असे धरले तर एकूण ८०,०००. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, पण त्यातून मुद्दा दिसतो. एवढी वाट पाहणे वाचत असेल तर ४.५ आणि ४.९ गिगॅहर्ट्झमधला फरक सहज भरून निघतो. गोदामाच्या वाटेवर असताना कोअरचे घड्याळ कितीही जलद टिकटिकले तरी उपयोग काय?

इथे छापील आकड्यातली एक खोच लक्षात घेऊ. थोरल्याचे ६४ मेगाबाइट म्हणजे एक मोठे कपाट नव्हे. त्याचे कोअर आठ-आठच्या दोन चिपवर विभागलेले आहेत आणि प्रत्येक चिपवर ३२ मेगाबाइटचे वेगळे कपाट आहे. कोअर आपले सामान आपल्याच चिपवरच्या कपाटात ठेवतो. धाकट्याचे ९६ मेगाबाइट मात्र आठही कोअरना सामायिक आहेत. म्हणून एका कोअरच्या बाजूने पाहिले तर तुलना ६४ विरुद्ध ९६ अशी नसून ३२ विरुद्ध ९६ अशी, म्हणजे तिप्पट आहे.

हे मोठे कपाट आले कुठून? धाकट्याच्या चिपवर सुमारे ४१ चौरस मिलिमीटरची, ६४ मेगाबाइटची दुसरी चिप चढवलेली आहे. दोन्हींमधले तांबे तांब्याला थेट जोडले आहे, मध्ये डाख नाही. नावातले 'थ्रीडी' ते हेच. याची किंमत मात्र मोजावी लागते. कोअरच्या उष्णतेच्या वाटेवर सिलिकॉनचा आणखी एक थर येतो आणि व्होल्टताही कमी ठेवावी लागते. म्हणून धाकट्याचा वेग कमी. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या 'रायझन ७ ९८००एक्स-थ्रीडी' मध्ये ही जादा चिप कोअरच्या खाली सरकवली गेली आणि कमाल वेग ५.२ गिगॅहर्ट्झपर्यंत नेता आला.

'खेळाचा' आणि 'कामाचा' हे शिक्के

मग मोठी कॅश खेळासाठी आणि जास्त कोअर गंभीर कामासाठी, असा नियम करायचा का? तसेही नाही. मार्च २०२२ मध्ये, म्हणजे धाकट्याच्या महिनाभर आधी, त्याच कंपनीने 'एपिक ७७७३एक्स' हा ६४ कोअरचा प्रोसेसर आणला. त्यातही अशीच थरावर थर कॅश होती, एकूण ७६८ मेगाबाइट. तो होता हवेच्या आणि पाण्याच्या प्रवाहाची गणिते, बांधकामांवरील ताणांची गणिते आणि चिपच्या आराखड्यांची तपासणी यांसाठी. या कामांतही तीच माहिती पुन्हा पुन्हा लागते.

उलट, सामान मुळातच लहान कपाटात मावत असेल तर मोठ्याचा फायदा नाही. रेंडरिंगमध्ये बरेचदा तसे होते. आणि काही गिगाबाइटची माहिती एकदाच वाचून पुढे जायचे असेल तरीही नाही, कारण कपाटात ठेवलेली वस्तू पुन्हा कोणी मागतच नाही. म्हणून 'खेळाचा' की 'कामाचा' या शिक्क्यांपेक्षा दोन प्रश्न महत्त्वाचे : काम वाटता येते का? आणि तेच सामान पुन्हा पुन्हा लागते का?

मोजताना घ्यायची काळजी

खेळातले चित्र प्रत्यक्ष रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात. ३८४० गुणिले २१६० च्या पडद्यावर ८२,९४,४००, म्हणजे बरोबर चौपट. मोठ्या पडद्यावर कार्डच दमते, प्रोसेसर त्याची वाट पाहत बसतो आणि आपल्या दोन भावंडांमधला फरक जवळजवळ नाहीसा होतो. धाकट्याविषयी कंपनीने सांगितले होते की १२ कोअरच्या '५९००एक्स' पेक्षा तो खेळांत सरासरी सुमारे १५ टक्के वेगवान आहे. ती तुलना लहान पडद्यावरची होती. तीत खोटे काही नाही. पण आपला पडदा मोठा आणि कार्ड साधे असेल तर ते १५ टक्के आपल्या घरी येणार नाहीत.

शाळेच्या संगणक कक्षाचे काय? तिथे पत्रलेखन, कोष्टके, थोडी प्रोग्रॅमिंग आणि माहितीचा शोध ही कामे चालतात. त्यांना थोरल्याचे १६ कोअरही नकोत आणि धाकट्याचे ९६ मेगाबाइटही नकोत. साधा प्रोसेसर, पुरेशी मुख्य स्मृती आणि वाचलेल्या पैशांतून आणखी एक-दोन संगणक घेतले तर रांगेत थांबणाऱ्या मुलांना लवकर हात लावायला मिळेल. वर्गाचा वेग त्यानेच जास्त वाढेल.

वर्गात करून पाहा

संगणक नसला तरी हे सारे वर्गात दाखवता येते. घड्याळ तेवढे हवे.

पहिला प्रयोग : दोन अंकी बेरजांच्या १६० चिठ्ठ्या करा. आधी ८ मुलांना आणि मग तशाच नव्या चिठ्ठ्या १६ मुलांना वाटून वेळ मोजा.

दुसरा प्रयोग : १६ बेरजांची साखळी करा. पहिलीचे उत्तर दुसरीत, दुसरीचे तिसरीत. ती आधी एका मुलाला आणि मग १६ मुलांना मिळून करायला सांगा.

तिसरा प्रयोग : एकेका मुलाला १ ते १०० मधल्या संख्यांच्या वर्गांची बेरीज करायला द्या. वर्गांचा तक्ता एकदा बाकावर ठेवा, एकदा शेजारच्या खोलीत टांगा. मग तक्त्यातले निम्मेच आकडे बाकावर ठेवून पाहा.

तिन्ही प्रयोगांचे वेळ फळ्यावर लिहा आणि मुलांना विचारा, 'आपल्यातला सर्वांत वेगवान गट कोणता?' कोणीतरी नक्कीच उलट विचारेल, 'कोणत्या कामात?' त्या मुलाला प्रोसेसर निवडता येईल.