चौकोनी गाड्यांची गोष्ट (६) : डिकीतली दुचाकी

होंडा सिटीच्या टर्बो इंजिनाबद्दल पुढच्या आठवड्यात. गेल्या लेखात होंडा सिटीच्या डिकीत बसणाऱ्या ‘मोटोकॉम्पो’चा ओझरता उल्लेख केला होता आणि तिच्याबद्दल इतकी विचारणा झाली, की आजचा लेख तिलाच द्यावा असं ठरवलं. १९८१ची सिटी कशी घडली, हे या चिमुकल्या दुचाकीइतकं दुसरं काहीच नीट सांगू शकत नाही.

आधी एका वाचकाचा प्रश्न. आपल्याकडे १९९८ मध्ये आलेली होंडा सिटी या १९८१च्या सिटीचीच पुढची पिढी का? नाही. नाव तेच, पण ती सेडान आशियातल्या बाजारांसाठी वेगळी बेतलेली होती. ‘टॉल बॉय’ म्हणून ओळखली जाणारी १९८१ची सिटी ३,३८० मिमी लांब आणि १,४७० मिमी उंच. म्हणजे लांबीला मारुती ८००च्या आसपास, उंचीला मात्र तिच्याहून सरस.

आता मोटोकॉम्पो. ४९ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, अडीच अश्वशक्ती, वजन साधारण ४५ किलो. हँडल दुमडून आत घ्यायचं, सीट खाली बसवायची, पाय ठेवायचे खुंट मिटायचे. मग उरते एक गुळगुळीत चौकोनी पेटी, ११८.५ सेंमी लांब, ५४ सेंमी उंच आणि जेमतेम २४ सेंमी रुंद. ती डिकीत उभी ठेवायची आणि पट्ट्यांनी आवळायची. गाडी शहराबाहेर लावून पुढच्या गर्दीत दुचाकीवरून शिरावं, अशी त्यामागची कल्पना.

डिकी आधी ठरली की दुचाकी? दोन्ही एकमेकींच्या मापाने घडल्या. दुचाकी डिकीत मावेल अशी आखली आणि डिकी दुचाकीला पोटात घेईल अशी. डिझाइनवाल्यांनी कागद पुरा करून कारखान्याकडे द्यायचा आणि कारखान्याने गाडी विक्री विभागाच्या हवाली करायची, अशा पद्धतीत हे जमणं अवघड. इथे सगळे विभाग पहिल्या दिवसापासून एकाच टेबलाभोवती हवेत.

ते तसे होतेही. १९७८ च्या सुमारास होंडाच्या वरिष्ठांना वाटू लागलं, की सिव्हिक आणि अ‍ॅकॉर्ड आता लोकांच्या अंगवळणी पडल्या आहेत. त्यांनी तरुण इंजिनियरांचा एक चमू उभा केला, सरासरी वय अवघं २७. सूचना दोनच : आजवर आपण केलं त्याहून मुळातूनच वेगळं काहीतरी करा आणि गाडी स्वस्त असू दे, पण हलक्या दर्जाची नको. मध्येच गाडं अडलं, तेव्हा काही जणांना नुसतं बघून यायला युरोपात धाडलं. तिथे त्यांना ब्रिटिश ‘मिनी’ भेटली आणि त्यांच्या विचारांवर तिची खोल छाप पडली. चमूचे प्रमुख हिरो वातानाबे यांनी सूत्र बांधलं : माणसाला जास्तीत जास्त जागा, यंत्राला कमीत कमी.

हे सूत्र गाडीत उतरलं ते उंचीतून. माणूस ताठ बसला की पाय पुढे न पसरता खाली येतात आणि त्याला लांबी कमी लागते. गर्दीच्या रस्त्यावर लांबी-रुंदीच अडचण करते, उंची कुणाच्या आड येत नाही. इंजिनाचंही तेच. १,२३१ सीसीच्या या इंजिनात सिलिंडरचा व्यास ६६ मिमी, पण पिस्टनची धाव ९० मिमी. व्यास लहान म्हणून चार सिलिंडरांची ओळ आखूड झाली आणि आडव्या बसवलेल्या इंजिनाशेजारी गिअरबॉक्सला ऐसपैस जागा मिळाली. माणूस, इंजिन आणि डिकीतली दुचाकी, तिघांनीही उंचीचा वापर करून जमीन वाचवली. म्हणूनच ही गाडी मला इतकी आवडते. तिचा चौकोनीपणा वरून चढवलेला नाही, आतल्या मांडणीतून तो आपसूक आला आहे.

या चमूची कामाची रीत पुढे भलत्याच क्षेत्रात पोचली. हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका यांनी १९८६ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त एक लेख लिहिला. त्यात अभ्यासलेल्या उत्पादनांमध्ये सिटीही होती. रिले शर्यतीसारखं काम एकाने दुसऱ्याकडे सोपवण्यापेक्षा रग्बीच्या संघासारखं सगळ्यांनी मिळून पुढे न्यावं, हा त्यांचा मुद्दा. जेफ सदरलँड यांनी १९९३ मध्ये सॉफ्टवेअरसाठी ‘स्क्रम’ पद्धत वापरायला सुरुवात केली, ती याच लेखापासून प्रेरणा घेऊन. आज हिंजवडीत रोज सकाळी ‘स्क्रम’ला हजेरी लावणाऱ्या अनेकांच्या कामाशी एका छोट्याशा जपानी गाडीचं असं नातं आहे.

पुढच्या आठवड्यात नक्की टर्बो. इतक्या काटेकोर मापाच्या बॉनेटखाली १९८२ मध्ये टर्बो कसा बसवला, आणि १९८३ मध्ये इंटरकूलर आल्यावर काय बदललं, ते पाहू.