बेलफास्टची शांतता कुठून आली?

१० एप्रिल १९९८ रोजी ब्रिटनचे पंतप्रधान टोनी ब्लेअर आणि आयर्लंडचे पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी बेलफास्टमध्ये स्वाक्षऱ्या केल्या, तो प्रसंग जगभर छायाचित्रांतून पोहोचला. त्या छायाचित्रांनी एक समजही रूढ केला. तीस वर्षे एकमेकांच्या जिवावर उठलेले गट थकले, एका अमेरिकी मध्यस्थाने त्यांना एका छताखाली बसवले, रात्रभर जागून करार झाला आणि उत्तर आयर्लंडमध्ये शांतता नांदू लागली, असा हा समज आहे. त्यातला प्रत्येक तुकडा थोडाफार खरा आहे, पण त्यांतून उभे राहणारे चित्र चुकीचे आहे. ही शांतता लंडन आणि डब्लिन या दोन मित्र सरकारांनी पाव शतक चालवलेल्या बोलण्यांतून आली. त्या बोलण्यांचा गाभा शस्त्रसंधीपुरता नव्हता. मतदान, नोकऱ्या, पोलीस अशा रोजच्या कारभारातली सुधारणा त्यात पहिल्यापासून होती.

हा कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातला धर्मकलह होता, हा पहिला गैरसमज. कोणत्या धर्मतत्त्वासाठी कोणी बंदूक उचलली नव्हती. १९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली आणि उत्तरेकडचे सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. तिथले बहुसंख्य प्रोटेस्टंट ब्रिटनशी जोडलेले राहू इच्छीत होते, म्हणून ते युनियनिस्ट. बहुतेक कॅथलिकांना अखंड आयर्लंड हवे होते. धर्म ही कोण कोणत्या बाजूचा हे ओळखण्याची खूण होती, भांडण राज्य कोणाचे याचे होते. (टिळकांनी १९१६ मध्ये बेळगावात स्थापलेल्या होमरूल लीगमधला ‘होमरूल’ हा शब्द याच आयरिश वादातून आपल्याकडे आला.) आणि १९६८ मध्ये रस्त्यावर आलेली पहिली मागणी तर सीमेचीही नव्हती. स्थानिक निवडणुकीत सर्व प्रौढांना मत नव्हते. डेरी शहरात कॅथलिक बहुसंख्य असूनही प्रभागांची आखणी अशी होती की नगरपालिका युनियनिस्टांच्याच हाती राहावी. घरांच्या वाटपात आणि नोकऱ्यांत पक्षपात होत होता. त्याविरुद्ध ५ ऑक्टोबर १९६८ रोजी डेरीत निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. सुधारणेची मागणी बंदुकीच्या आधी आली होती, हा क्रम इथे लक्षात ठेवायला हवा. पुढच्या तीस वर्षांत जेमतेम पंधरा-सोळा लाख वस्तीच्या या प्रदेशात सुमारे साडेतीन हजार माणसे मारली गेली.

दुसरा गैरसमज अधिक खोलवर रुजलेला आहे. लढणारे वेगळे आणि सरकारे वेगळी, मग ज्यांच्यात युद्धच नाही त्या दोन सरकारांनी एकमेकांशी बोलण्यासारखे होते काय? खरे तर पुष्कळ होते. आयर्लंडच्या राज्यघटनेची कलमे २ आणि ३ संपूर्ण बेटावर हक्क सांगत होती, तर ब्रिटनला उत्तरेतला कारभार हा आपला घरचा प्रश्न वाटत होता. डिसेंबर १९७३ मध्ये सनिंगडेल येथे दोन्ही सरकारे आणि उत्तरेतले मध्यममार्गी पक्ष एकत्र बसले. सत्तेत दोन्ही समाजांचा वाटा आणि उत्तर-दक्षिण सहकार्याची परिषद हे तिथे ठरले. पण मे १९७४ मधल्या युनियनिस्ट कामगारांच्या दोन आठवड्यांच्या संपाने सत्तेतल्या वाट्यावर उभे असलेले उत्तरेतले मंत्रिमंडळ पाडले. या प्रयत्नाला अनेक जण आजही वाया गेलेला म्हणतात. मला ते पटत नाही, कारण १९९८ च्या कराराचा सांगाडा जवळजवळ तोच आहे. कॅथलिकांचे नेते शेमस मॅलन यांनी १९९८ च्या कराराला ‘सावकाश शिकणाऱ्यांसाठीचे सनिंगडेल’ म्हटले, त्यात चोवीस वर्षांच्या विलंबाचे दुःख आहे.

मधल्या काळात बोलणी चालू ठेवणे सोपे नव्हते. ऑक्टोबर १९८४ मध्ये ब्रायटनच्या हॉटेलात आयआरए या अखंड आयर्लंडसाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेने बॉम्ब उडवला. पाच जण मेले, ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर थोडक्यात वाचल्या. पुढच्याच महिन्यात त्यांनी डब्लिनमधून आलेले तोडग्याचे तीन पर्याय जाहीरपणे धुडकावले. तरीही रॉबर्ट आर्मस्ट्राँग आणि डर्मॉट नॅली या दोन ज्येष्ठ अधिकाऱ्यांच्या चमूंची बैठक मोडली नाही. १ जानेवारी १९७३ रोजी दोन्ही देश एकाच दिवशी युरोपीय समुदायात गेले होते. त्यामुळे मंत्र्यांना आणि अधिकाऱ्यांना वारंवार भेटण्याची सवय झालेली होती. १५ नोव्हेंबर १९८५ रोजी थॅचर आणि आयर्लंडचे पंतप्रधान गॅरेट फिट्झजेराल्ड यांनी हिल्सबरो येथे करार केला. उत्तरेच्या कारभाराबाबत मत मांडण्याचा अधिकार डब्लिनला प्रथमच मिळाला, आणि बहुमताच्या संमतीवाचून उत्तरेचा दर्जा बदलणार नाही हे डब्लिनने लेखी मान्य केले. डिसेंबर १९९३ मध्ये तेव्हाचे दोन पंतप्रधान, जॉन मेजर आणि अल्बर्ट रेनॉल्ड्स यांनी लंडनमध्ये जे संयुक्त निवेदन काढले, ते याच दोन वाक्यांचा विस्तार होते. आठ महिन्यांनी, ऑगस्ट १९९४ अखेर, आयआरएने शस्त्रसंधी जाहीर केली.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. ही लोकांच्या डोक्यावरून झालेली सौदेबाजी नव्हती का? १९८५ पुरता हा आक्षेप खरा आहे. युनियनिस्टांना विश्वासात घेतले गेले नव्हते, आणि बेलफास्टच्या सिटी हॉलसमोर लाखावर लोक निषेधाला जमले. पण पुढच्या खेपेला दोन्ही सरकारे यातूनच शिकली. १९९८ चा दस्तऐवज पक्षांनी मान्य केला, सरकारांनी त्याला तहाचे बळ दिले आणि २२ मे रोजी तो सीमेच्या दोन्ही बाजूंना सार्वमताला टाकला. उत्तरेत ७१ टक्के आणि दक्षिणेत ९४ टक्के मते अनुकूल पडली. कलमे २ आणि ३ बदलली गेली, ब्रिटनने फाळणीचा १९२० चा कायदा रद्द केला. ‘मग अमेरिकेचे काय?’ असेही विचारले जाते. अमेरिकी मध्यस्थ जॉर्ज मिचेल यांचा संयम मोलाचा होता, जानेवारी १९९६ मध्ये त्यांनी मांडलेल्या अहिंसेच्या तत्त्वांशिवाय कोणी टेबलाशी बसू शकत नव्हते. पण त्यांना चर्चेचे अध्यक्षपद दिले ते याच दोन सरकारांनी, आणि बोलणी फसली असती तर परिणाम भोगायचे होते तेही त्यांनीच.

सर्वांत घातक गैरसमज सुधारणेविषयी आहे. आधी शांतता, मग सवडीने सुधारणा, हे ऐकायला शहाणपणाचे वाटते. बेलफास्टचा पुरावा उलटा आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिथल्या पोलीस दलात कॅथलिकांचे प्रमाण सुमारे ८ टक्के होते, लोकसंख्येत ते ४० टक्क्यांहून अधिक होते. ज्या वस्तीतून एकही पोरगा पोलिसात जात नाही, तिथे पोलीस परकी फौजच वाटणार आणि बंदूकवालाच न्याय करणार. म्हणून पोलिसांचा विचार करण्यासाठी आयोग नेमण्याची तरतूद करारातच होती. ख्रिस पॅटन यांच्या आयोगाने सप्टेंबर १९९९ मध्ये १७५ शिफारशी केल्या: नवे नाव, नवे चिन्ह, देखरेखीसाठी लोकप्रतिनिधी असलेले मंडळ, भरतीत निम्मे कॅथलिक. युनियनिस्ट घरांत याचे दुःख खरे होते, कारण त्या दलाचे तीनशेहून अधिक जवान मारले गेले होते. जुने नाव पुसणे म्हणजे त्यांची आठवण पुसणे, असे त्यांच्या विधवांना वाटले तर त्यांना दोष देता येत नाही. तरीही नोव्हेंबर २००१ मध्ये बदल झाला, आणि २०११ पर्यंत कॅथलिकांचे प्रमाण ३० टक्क्यांच्या घरात गेले. क्रमही पाहावा. आयआरएची शस्त्रे निकामी झाल्याची घोषणा सप्टेंबर २००५ मध्ये झाली, जानेवारी २००७ मध्ये आयआरएशी जोडलेल्या शिन फेन पक्षाने नव्या पोलिसांना पाठिंबा दिला, आणि त्यानंतरच, ८ मे २००७ रोजी, १९९८ च्या करारावर तुटून पडलेले युनियनिस्ट नेते इअन पेझली आणि आयआरएचे माजी सेनानी मार्टिन मॅकगिनेस यांनी उत्तरेच्या सरकारात एकत्र शपथ घेतली.

तिथली विधानसभा वारंवार बंद पडते, म्हणजे करार फसला, असेही म्हणतात. २००२ ते २००७, २०१७ ते २०२० आणि पुन्हा २०२२ ते २०२४ कारभार ठप्प होता, हे खरेच. लोकांच्या दवाखान्यांना आणि शाळांना त्याची झळ बसली, ती लहान मानू नये. पण प्रत्येक वेळी दोन सरकारांमधला तह शाबूत राहिला, आणि बंद पडलेल्या सभागृहाची जागा पूर्वीसारखी बंदुकांनी घेतली नाही. जुलै २०१८ मध्ये दोन्ही सरकारांची संयुक्त परिषद अकरा वर्षांनी पुन्हा भरली, तेव्हा विधानसभा बंदच होती.

करार न सोडवू शकलेली गोष्ट मात्र आहे: जुन्या हत्यांचा न्याय. शेकडो कुटुंबांना आपले माणूस कोणी मारले हे आजही ठाऊक नाही. ब्रिटनने २०२३ मध्ये असा कायदा केला की त्यातून जुने तपास आणि खटले बंद होणार होते. उत्तरेतल्या जवळजवळ सर्व पक्षांनी त्याला विरोध केला, आणि आयर्लंडने आपल्या मित्र सरकारालाच स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात खेचले. खटला दाखल असतानाही बोलणी थांबली नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन्ही सरकारांनी या प्रश्नावर संयुक्त आराखडा जाहीर केला. त्यातून त्या कुटुंबांच्या हाती काय पडेल, यासाठी लंडन आणि डब्लिन यांना अजून बरेच दिवस समोरासमोर बसावे लागणार आहे.