टाकी सेकंडहँड, मासे सात मुलखांचे

नागपूरजवळचं सावनेर हे बदल्यांचं गाव. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) खाणी, बँका, तहसील, शाळा. मे-जून आला की कुणाच्या ना कुणाच्या दारात टेम्पो लागतो, आणि सगळं सामान चढलं तरी मासोळ्यांची काचेची टाकी खालीच राहते. मग ती निम्म्या किमतीत एखाद्या हौशी नवशिक्याच्या घरी येते. पंप आणि दिवा सोबत, मासे फुकट. आत डोकावलं तर एक गोल्डफिश, दोन एंजल, चार गप्पी, एक फायटर, खाली काचेला चिकटलेला सकर आणि कोपऱ्यात बावरलेला एक ‘शार्क’. दुकानात ज्या दिवशी जो आवडला तो आणला, असा सगळा जमाव.

अशी टाकी जरूर घ्यावी. पण या सौद्यात सगळ्यात मोलाची वस्तू काच नव्हे आणि मासेही नव्हेत. ती आहे फिल्टरमधला काळपट, बुळबुळीत स्पंज.

मळका स्पंज म्हणजे विरजण

तो स्पंज हातात घेऊन हलकेच दाबा. चहाच्या रंगाचं पाणी निघेल आणि पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येईल. हा वास आला तर समजा स्पंज जिवंत आहे. सडक्या अंड्यासारखा आला तर आतले जिवाणू मेले. मासे अमोनिया बाहेर टाकतात, तोही बहुतेक कल्ल्यांतून, म्हणजे दोन दिवस उपाशी ठेवले तरी थोडा निघतच राहतो. स्पंजवरचे एका गटातले जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या गटातले नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन पदार्थ विषारी, तिसरा बराच सौम्य. ही दुसरी पायरी टाकीत नेमके कोणते जिवाणू करतात, हे शास्त्रज्ञांनाही १९९८च्या सुमारास उमगलं. तोवर श्रेय भलत्याच जातीला जात होतं.

कोऱ्या टाकीत ही फौज उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. जुनी टाकी घेणाऱ्याला ती आयती मिळते. दुधाला विरजण लावावं तसा हा स्पंज, थोडासा जरी जिवंत राहिला तरी नवं घर लावून देतो. नेमका तोच लोक घरी आणल्याबरोबर नळाखाली धरून पांढराशुभ्र करतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जंतू मारण्यासाठीच असतं, ते चांगले-वाईट ओळखत नाही. म्हणून स्पंज धुवायचाच तर टाकीतून काढलेल्या पाण्यात दोनदा पिळायचा, बस्स. प्रवासात तो उघड्या टबात, टाकीच्याच पाण्यात भिजत राहू द्या, कारण बंद डब्यात ऑक्सिजन संपला की काही तासांत तो मरू लागतो. घरी पोचल्यावर पहिलं काम फिल्टर सुरू करणं. सजावटीचा किल्ला नंतर.

दोन फुटी टाकी, अर्ध्या क्विंटलहून जास्त पाणी

लांबी दोन फूट, रुंदी आणि उंची एकेक फूट, ही घराघरांतली नेहमीची टाकी. काठोकाठ भरली तर त्यात सुमारे ५६ लिटर पाणी मावतं, म्हणजे ५६ किलो. वर खडे आणि काच. तीन फुटी, दीड बाय दीडची असेल तर नुसतं पाणीच १९० लिटरच्या घरात. म्हणून ‘थोडं पाणी ठेवून तशीच उचलू’ हा विचार मनातून काढा. काचा नुसत्या सिलिकॉनवर जोडलेल्या असतात आणि पाणी हेलकावलं की सगळा ताण त्या जोडांवर येतो. खडेसुद्धा काढूनच न्या. नव्या जागी टाकीखाली थर्माकोलचा तुकडा घाला. टेबलाचा एवढासा उंचसखलपणाही तळकाचेला तडा द्यायला पुरतो.

जुनं पाणी फेकू नका

बरेच दिवस नुसती वरून भर घातलेल्या टाकीत नायट्रेट साठत जातं आणि पाणी हळूहळू आम्लाकडे झुकतं. मासे तेवढ्याच हळूहळू त्याला सरावतात. मग नवा मालक उत्साहानं सगळं पाणी बदलतो आणि सकाळपर्यंत तीन मासे उलटे. इथे घात केला तो अचानक झालेल्या बदलानं. त्यात आणखी एक मेख आहे: पीएच ७ वरून ८ वर गेला की अमोनियाचा विषारी भाग सुमारे दहापट होतो. आपल्याकडचं बोअरचं जड पाणी सहसा ८च्या बाजूचंच. त्यामुळे निदान निम्मं जुनं पाणी कॅनमध्ये भरून आणा आणि पुढे आठवड्याला दहा-पंधरा टक्के एवढंच बदला. नळाचं पाणी बादलीत एक दिवस उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर दुकानात ‘अँटी-क्लोरीन’ मिळतं.

मग आरओचं शुद्ध पाणीच का घालू नये? पाटणसावंगीच्या कोळसा खाणीतलं पाणी शुद्ध करून वेकोलिनं ‘कोल नीर’ नावानं बाटलीत भरलं. माणसाची तहान भागवायला ते उत्तम. माशाला मात्र पाण्यातले क्षार लागतात, त्याशिवाय त्याच्या शरीरातल्या मिठाचा तोल राहत नाही. निव्वळ आरओचं पाणी माशांना जाचतं.

आता एकेकाची ओळख

गोल्डफिश चीनचा. हजार वर्षांपूर्वीपासून माणसाने वाढवलेला, कार्पच्या कुळातला. याला पोटाची पिशवीच नसते. खाल्लेलं सरळ आतड्यात जातं. म्हणून तो सारखा खायला मागतो आणि सारखी घाणही करतो. दात आहेत, पण घशात. त्याची आठवण तीन सेकंदांची, हे साफ खोटं. शिकवलेली गोष्ट त्याला महिनोन्‌महिने लक्षात राहते. ब्रिटनमधला टिश नावाचा गोल्डफिश ४३ वर्षं जगून १९९९ मध्ये वारला. म्हणजे मुलाच्या हट्टापायी आणलेला मासा त्याच्या मुलांनाही पाहता आला असता! त्याला पाणी थंड लागतं, २० अंशांच्या आसपासचं. शेजारी बसवलेल्या एंजलला हवं २६-२७ अंश. दोघांना एकत्र ठेवलं की एकाला तरी कायमचं गैरसोयीचं, आणि हीच आपल्या टाक्यांमधली सगळ्यात जास्त दिसणारी विजोड जोडी.

एंजल अॅमेझॉनचा. सरळ उभ्या पानावर अंडी घालतो. नर-मादी दोघं पंख हलवून अंड्यांना वारा घालतात. कालपर्यंत गरीब असलेला एंजल आज सगळ्यांना हाकलतो आहे असं दिसलं तर फिल्टरची नळी आणि पानं बारकाईनं पाहा, मोहरीपेक्षा लहान मणी रांगेत चिकटलेले दिसतील. मोठा एंजल छोटे निऑन टेट्रा गिळतो, कारण जंगलात तो तेच करतो. निऑनचा निळा पट्टा रंगाचा नसतो, तो प्रकाश परतवणाऱ्या पेशींचा खेळ आहे. रात्री अचानक दिवा लावून पाहा: मासे फिके पडलेले असतात आणि थोड्या वेळाने पुन्हा झगमगू लागतात.

गप्पी कॅरिबियनच्या बाजूचा, पण महाराष्ट्राचा जुना ओळखीचा. ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ हे भिंतीवर वाचतच आपल्या पिढ्या शाळेत गेल्या. हा अंडी न घालता थेट पिल्लं देतो. मादी नराचं बीज कित्येक महिने शरीरात साठवू शकते. त्यामुळे एकटी मादी आणली तरी महिन्याभरात पिल्लांचा थवा दिसतो आणि लोक चक्रावतात. आपलं जड पाणी गप्पीला आणि मॉलीला मनापासून मानवतं. नवशिक्याला माझी पहिली शिफारस हीच.

फायटर थायलंडचा, आणि २०१९ पासून त्या देशाचा राष्ट्रीय जलचर. डोक्यात हवा घेणारा खास अवयव असल्याने तो वर येऊन श्वास घेतो. म्हणून त्याला दुकानात इवल्या बरणीत ठेवतात. त्याचे हाल मात्र होतातच. भांडकुदळ म्हणून बदनाम असला तरी बाप म्हणून हा अव्वल आहे. बुडबुड्यांचं घरटं नरच बांधतो आणि खाली पडलेलं अंडं तोंडात धरून पुन्हा वर ठेवतो. गप्पीची झुपकेदार शेपटी दिसली की त्याला ती दुसऱ्या फायटरची वाटते आणि तो तुटून पडतो. उलट टायगर बार्ब सोबत असतील तर ते फायटरच्या झालरीचे लचके तोडतात. बार्ब दोन-तीनच असले की जास्त त्रास देतात. सहा-आठ असले तर आपापसात गुंततात.

पॅरट मासा तर कुठल्याच नदीचा नाही. तैवानमध्ये १९८०च्या दशकात संकरातून तयार झाला. त्याचं तोंड नीट मिटत नाही, चावायचं काम घशातल्या दातांवर. मोठे दाणे देऊ नका.

आता सकर. ‘टाकी साफ करतो’ म्हणून तो विकला जातो. बोटाएवढा आणलेला हा दक्षिण अमेरिकी मासा दीड फुटापर्यंत वाढतो, शेवाळ खातो त्याहून जास्त विष्ठा टाकतो आणि मोठा झाल्यावर रात्री गोल्डफिशच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतो. पाण्यात ऑक्सिजन कमी पडला तर सर्रकन वर येऊन हवेचा घोट घेतो, कारण तो पोटानेही श्वास घेऊ शकतो.

आणि कोपऱ्यातला तो ‘शार्क’? अंगावर रुपेरी झाक, मिशा, काळे पंख असतील तर तो मेकाँग नदीचा पंगास. होय, बाजारात तुकडे करून मिळतो तोच! पूर्ण वाढला की मीटरभराहून लांब. ‘टाकी लहान असली की मासा लहानच राहतो’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. तो खुरटतो, वाकतो आणि लवकर मरतो.

नवतपात काय करायचं?

२५ मेच्या पुढे नवतपा लागला की नागपूर परिसरात पारा ४५ ओलांडतो आणि टाकीचं पाणी ३३-३४ अंशांवर जातं. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात, आणि माशाची गरज मात्र उन्हाने वाढलेली. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले तर ती भूक समजून दाणे टाकू नका. टेबलफॅनचा झोत पाण्याच्या पृष्ठभागावर सोडा. विदर्भाच्या कोरड्या हवेत कूलर ज्या नियमाने खोली गार करतो, त्याच नियमाने टाकी दोन-चार अंशांनी उतरते. पाणी उडतं, क्षार उडत नाहीत, म्हणून नुसती भर न घालता थोडं पाणी काढून बदलायचं. लाईन गेली तर बॅटरीचा एअर पंप कामी येतो. तो नसेल तर मगाने पाणी काढून उंचावरून परत ओतत राहा.

डिसेंबरात उलटं. रात्रीच्या गारठ्यात हीटर नसलेल्या टाकीतल्या एंजलच्या अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके येतात. तो परजीवी असतो.

हा नाद जुना आहे

चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मत्स्यविनोदाचं प्रकरण आहे. त्यात पस्तीसेक प्रकारचे मासे, कोण कुठे राहतो, कोणाला काय चारायचं, सगळं लिहिलंय. हेतू गळ टाकण्याचा, पण कोणता मासा काय खातो हे आधी पाहावं, ही समज नऊशे वर्षं जुनी. काचेच्या टाक्यांचं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात उघडलं. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१चं.

नको असलेल्यांचं काय?

सकर, पंगास, पॅरट मोठे झाले की ‘कोलार नदीत सोडून देऊ, बिचारे मोकळे होतील’ असं भल्या मनाने म्हटलं जातं. कोलार कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, पुढे प्राणहिता आणि गोदावरी. सावनेरच्या पुलावरून सोडलेल्या सकरला आंध्रपर्यंत वाट मोकळी आहे. २०२० मध्ये हाच मासा वाराणसीला गंगेत सापडला. उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात तो येतो तेव्हा त्याच्या काटेरी पंखांनी जाळी फाटतात. देशी माशांच्या वाट्याचं खाद्य जातं ते वेगळंच. त्यापेक्षा नागपूरच्या दुकानदाराशी बोला, बरेच जण असे मासे परत घेतात. माफसूचं (महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं) मत्स्यविज्ञान महाविद्यालयही नागपुरातच, तेलंगखेडीला आहे आणि शोभिवंत मासे हा तिथल्या अभ्यासक्रमाचा विषय आहे; सल्ल्यासाठी त्याहून जवळची जागा नाही.

हे मोठे मासे गेले की दोन फुटी टाकीत जागा होते. ती भरायला परदेशी मासा कशाला? झेब्रा डॅनिओ हा आपल्याच देशातल्या ओढ्यांचा मासा, १८२२ मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर लिहिताना नोंदवलेला. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो आहे, कारण त्याच्या हृदयाचा पाचवा भाग कापला तरी दोनेक महिन्यांत तो पुन्हा उगवतो, आणि माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांची जोडी त्याच्यात सापडते. डिसेंबरचा गारठाही सोसतो, उन्हाळाही काढतो, बोअरच्या पाण्याची तक्रार करत नाही. सहा-आठ एकत्र आणा, एकटा ठेवू नका. आणि झाकण घट्ट बसवा; हा उडी मारतो.