कुंडीतला तोफखाना

पावसाळा स्थिरावला की कोल्हापुरातील जुन्या घरांच्या न्हाणीमागे, गटाराच्या दगडी काठावर आणि गच्चीवरील कुंड्यांत एक इवलीशी, मांसल, पोपटी वनस्पती दाटीने उगवते. उंची फार तर वीतभर, पाने जेमतेम २ ते ८ मिलिमीटरची. नेचा किंवा शेवाळ समजून आपण तिच्याकडे दुर्लक्ष करतो. वास्तविक ती सपुष्प वनस्पती असून तिचे शास्त्रीय नाव ‘पायलिया मायक्रोफायला’ असे आहे.

तिचे कूळ ‘अर्टिकेसी’, म्हणजेच खाजोटीचे. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना या कुळाची ओळख बहुधा मोठ्या खाजोटीच्या, अर्थात ‘आग्या’च्या दाहातून होते. आग्याचे केस इंजेक्शनच्या सुईसारखे पोकळ असतात. स्पर्श होताच टोक तुटते आणि दाहक द्रव्य त्वचेत उतरते. आपल्या कुंडीतील या धाकट्या नातलगाला मात्र असा एकही केस नाही. तेव्हा ती खुशाल हातात घेऊन पाहावी.

आणि पाहण्यासारखे पुष्कळ आहे. इंग्रजीत तिला ‘आर्टिलरी प्लँट’, म्हणजे तोफखान्याची वनस्पती म्हणतात. तिच्या नरफुलाची कळी टाचणीच्या डोक्याहून लहान असते. आतील चार पुंकेसर दाबलेल्या स्प्रिंगप्रमाणे वाकून बसलेले असतात. कळी उमलताच ते झटक्यात सरळ होतात आणि परागांचा धुरळा हवेत उडतो. एवढा खटाटोप कशासाठी? तिच्याजवळ कीटकांना भुलविणारा रंग नाही, मधही नाही. परागीभवन वाऱ्यावर अवलंबून. जमिनीलगत वारा मंद असतो, म्हणून पराग वर फेकावे लागतात. कळ्यांनी भरलेल्या झाडावर पाणी शिंपडून ते उन्हात, काळ्या कागदासमोर ठेवल्यास हा दारूगोळा नुसत्या डोळ्यांनीही दिसू शकतो. शाळकरी मुलांना दाखवावा असा हा विनाखर्चाचा प्रयोग आहे. पायलियाच्या प्रजातीत पिकलेली फळेही अशीच उडविली जातात.

ही वनस्पती मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील. शोभेसाठी बागेत आली आणि कुंडीबाहेर निसटली. शहरात तिचा उपद्रव नगण्य. परंतु रोपवाटिकेतील कुंडीच्या मातीबरोबर ती घाटमाथ्यावरील फार्महाऊसपर्यंतही सहज पोहोचू शकते. तेथील ओल्या कातळांवर याच कुळातील स्थानिक वनस्पती पावसाळ्यात वाढतात. त्यांच्या जागेत हा पाहुणा शिरू नये, म्हणून नव्या कुंडीतील ही रोपे आधीच वेचून टाकणे बरे. आपले कोण आणि पाहुणे कोण हे जाणून घ्यायचे असेल, तर एस. आर. यादव आणि एम. एम. सरदेसाई यांचा, शिवाजी विद्यापीठाने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘फ्लोरा ऑफ कोल्हापूर डिस्ट्रिक्ट’ हा ग्रंथ उपयुक्त आहे.

राहिला प्रश्न भिंतीचा. पिंपळाचे रोप भिंत फोडते, ते तत्काळ काढावे. हिची मुळे नाजूक व उथळ असतात. तिच्यामुळे चिरा हलत नाही. मात्र ओलीशिवाय ती जगत नाही. ऐन मे महिन्यात भिंतीवर ती हिरवीगार दिसली, तर तिला उपटण्यापूर्वी भिंतीमागचा नळ तपासावा.