आई कामावर, मूल कुणाकडे?

शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईत गिरणीच्या पाळीला निघताना बाया तान्ह्या लेकराला बाळगोळी देत. त्या गोळीत अफू असे. पोर दिवसभर गुंगीत पडून राही. रडत नसे, दूधही मागत नसे. मग अंगाला लागणार काय? १९२०च्या दशकात डॉ. बार्न्स यांनी सरकारी अहवालात हे नोंदवलं, तेव्हा दोष अर्थातच आयांच्या माथी आला. घरी थांबलं तर पगार बुडत होता, हे कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

पुढच्या काही वर्षांत चित्र थोडं हललं. १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभाच्या विधेयकाची बाजू उचलून धरली आणि १९२९मध्ये कायदा झाला. १९४८च्या कारखाने कायद्याने पाळणाघर आणलं. १९६१च्या कायद्याने पगारी रजा दिली, पण १२ आठवड्यांची. जागतिक आरोग्य संघटना २००१पासून पहिले सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध द्या म्हणतेय. आपली रजा २६ आठवड्यांवर जायला २०१७ उजाडलं. तीही प्रत्यक्षात बहुतेक नेमणूकपत्र असलेल्यांनाच!

ऊसतोडीत कुठलं नेमणूकपत्र? तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल दोघांवर. तो तोडतो, ती पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावरून गाडीत भरते. तान्हं कोपीत, थोरल्या बहिणीच्या काखेत. वर्षाच्या मुलाचं पोट वाटीएवढं, त्याला दिवसातून चार-पाचदा मऊ, ताजं काही लागतं. मिळतं ते सकाळचं उरलेलं, नाहीतर चहात बुडवलेलं बिस्किट. अंगणवाडी गावाकडे राहिलेली.

आईची कमाई लेकराच्याच ताटात येते, हे खरं आहे. म्हणून ‘बाईनं घरी बसावं’ हा सल्ला मला बिनडोक वाटतो. पण पैशानं वेळ भरून निघत नाही, आणि पहिल्या दोन वर्षांत खुंटलेली उंची पुढे क्वचितच पुरती भरून येते. महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या खुज्या मुलांचं प्रमाण २००५-०६मध्ये ४६ टक्के होतं, २०१५-१६मध्ये ३४ झालं आणि त्यापुढच्या पाहणीत ३५वर अडकलं.

रोजगार हमीच्या कामावर बायांसोबत पाच किंवा जास्त लहान मुलं असतील, तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी लागते. हीच अट प्रत्येक ऊसतोड टोळीला लावा आणि त्या बाईची मजुरी साखर कारखान्याकडून घ्या.