एकाच गळ्यातली दोन गाणी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

१३ सप्टेंबर १९९६ रोजी अमेरिकेतल्या लास व्हेगासच्या एका इस्पितळात टुपाक शकूर नावाचा कृष्णवर्णीय कलावंत मरण पावला. वय वर्षं पंचवीस. सहा दिवसांपूर्वी, ७ सप्टेंबरच्या रात्री, माइक टायसनची मुष्टियुद्धाची लढत पाहून तो निघाला होता. मोटार सिग्नलला थांबली आणि शेजारी आलेल्या गाडीतून गोळ्या सुटल्या. तो असता तर आज पन्नाशी ओलांडलेला, म्हणजे साधारण माझ्याच वयाचा गृहस्थ असता. गुडघ्यांची तक्रार करत असता कदाचित.

पण तो पंचवीसचाच राहिला, आणि त्याच्याविषयीचं भांडणही तसंच तरुण राहिलं. एकाच्या दृष्टीनं तो गरीब वस्तीचा शाहीर. दुसऱ्याच्या दृष्टीनं बायकांना शिव्या घालणारा, पिस्तूल मिरवणारा गुंड. दोघांनाही विचारा, दोघंही त्याच्याच गाण्यांचे दाखले देतील. आणि अडचण अशी की दोघांचेही दाखले खरे आहेत.

अकाली मरण आलं म्हणून माणूस दंतकथा झाला, असं एक सोपं उत्तर नेहमी दिलं जातं. मला ते पुरेसं वाटत नाही. आपले बालकवी रेल्वेखाली सापडून गेले तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. त्यांच्यासाठी हळहळ आजही आहे, पण त्यांच्यावरून घराघरांत वाद होत नाहीत. मरण हळहळ देतं. वाद जिवंतपणी केलेल्या कामातूनच यावा लागतो.

तेव्हा आधी कामाकडे पाहू. टुपाक गात नसे, तालावर बोलत असे. या प्रकाराला रॅप म्हणतात. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या नाचगाण्यांच्या बैठकींतून तो जन्मला. तबकडीवरचा ताल पुन्हा पुन्हा फिरवायचा आणि त्यावर यमकं जुळवत बोलायचं. मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. ज्यानं शाहीर अमर शेखांचा आवाज ऐकला असेल, निदान त्याविषयी थोरामोठ्यांकडून ऐकलं असेल, त्याला ठाऊक असतं की पोवाड्यात सूर दुय्यम आणि शब्दाची फेक मुख्य. शाहिरामागे झीलकरी उभे असतात, ते ओळीचं शेपूट उचलून धरतात. टुपाकची गंमत अशी की तो एकच ओळ ध्वनिमुद्रणात दोन-तीनदा म्हणायचा आणि ते आवाज एकावर एक चढवायचा. म्हणजे स्वतःच शाहीर, स्वतःच झीलकरी. त्याच्या आवाजाला जे वजन आहे, एक माणूस बोलतोय आणि मागे जमाव उभा आहे असं जे वाटतं, ते बरंचसं या युक्तीतून आलेलं आहे. यमकांच्या कारागिरीत त्याच्याहून सरस रॅपर त्याच्या काळात होते. राकिम होता, नास होता, आणि ज्याच्याशी त्याचं वैर जडलं तो नोटोरियस बी.आय.जी. होता. शब्दांची नक्षी पाहणारे जाणकार टुपाकला पहिला नंबर देत नाहीत, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. पण मुशायऱ्यात बसणाऱ्यांना हेही ठाऊक असतं की बिनचूक गझलेला 'वाह' मिळते आणि कधी कधी एखाद्या ओबडधोबड शेरानं सभा सुन्न होते.

नोव्हेंबर १९९१ मध्ये त्याचा पहिला अल्बम आला. त्यात 'ब्रेंडाज गॉट अ बेबी' नावाचं गाणं आहे. वर्तमानपत्रातल्या एका बातमीवरून ते सुचलं होतं. बारा वर्षांची मुलगी आई होते, बाळ कचऱ्यात टाकते. पोवाडा आपण राजाचा ऐकतो, लढाईचा ऐकतो. हा पोवाडा एका अशा मुलीचा होता जिची बातमी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. आणि तो लिहिणारा होता जेमतेम वीस वर्षांचा मुलगा.

हे त्याच्याकडे आलं कुठून? आईकडून. अफेनी शकूर ब्लॅक पँथर पक्षाची कार्यकर्ती होती. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये एकवीस पँथर्सवर बॉम्बस्फोटांच्या कटाचे आरोप ठेवले गेले, त्यात ती होती. वकील न घेता तिनं स्वतःच आपली बाजू मांडली, तीही पोटात बाळ असताना. मे १९७१ मध्ये ती सगळ्या आरोपांतून सुटली आणि १६ जून १९७१ रोजी टुपाक जन्मला. त्याला नाव मिळालं पेरू देशात स्पॅनिश राजवटीविरुद्ध उठाव करणाऱ्या तुपाक आमारूचं, ज्याला १७८१ साली हालहाल करून मारण्यात आलं. आडनाव शकूर. आमच्याकडे शकूर नावाचे चाचा दर मोहल्ल्यात एक तरी सापडतात, त्यामुळे हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला उगाचच ओळखीचं कुणी भेटल्यासारखं वाटलं. तो स्वतः मुसलमान नव्हता. आईच्या पहिल्या नवऱ्याच्या घराण्यानं हे नाव स्वीकारलेलं होतं. अरबीत त्याचा अर्थ चांगल्याची कदर करणारा.

याच ब्लॅक पँथरचं नाव समोर ठेवून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार ही मंडळी तिच्यात होती आणि त्यातले बहुतेक कवी-लेखक होते. म्हणजे टुपाक रांगत होता तेव्हा त्याच्या आईच्या चळवळीचा निरोप कामाठीपुऱ्यापर्यंत पोचला होता. चळवळ आणि कविता एकाच पाळण्यात वाढली की ती कविता कशी होते, हे आपल्याला बाहेरून शिकावं लागत नाही.

पण पाळणा आणि घर यांत फरक असतो. चळवळ मोडली. आई अमली पदार्थांच्या आहारी गेली. सावत्र वडील फरारी होते, १९८६ साली पकडले गेले. बाल्टिमोरच्या कलाशाळेत हा मुलगा अभिनय, कविता, अगदी बॅले नाचसुद्धा शिकत होता. तेही अर्धवट राहिलं आणि १९८८ मध्ये कुटुंब कॅलिफोर्नियात आलं. शेक्सपिअर आणि रस्ता, दोन्ही त्याच्या आत एकाच वेळी राहायला आले ते असे.

आता वादाकडे येतो. १९९२ साली टेक्सासमध्ये एका तरुणानं पोलिसाला गोळी घातली. गाडीत टुपाकच्या पहिल्या अल्बमची टेप होती. आरोपीच्या वकिलानं सांगितलं, गाण्यानं भडकवलं. ज्यूरीनं ते मानलं नाही, आरोपीला मृत्युदंड झाला. पण तोवर उपाध्यक्ष डॅन क्वेल यांनी या अल्बमला आपल्या समाजात जागा नाही असं जाहीर करून टाकलं होतं. इथपर्यंतचं चित्र सोपं आहे: सत्ताधारी गोरा पुढारी एका बाजूला, विद्रोही काळा कवी दुसऱ्या बाजूला. आपली सहानुभूती कुठे जाणार हे ठरलेलं.

चित्र बिघडतं ते सी. डेलोरस टकर यांच्यामुळे. या बाई कृष्णवर्णीय होत्या, मार्टिन ल्युथर किंग यांच्याबरोबर मोर्च्यांत चाललेल्या होत्या. त्यांनी रॅपमधल्या बायकांविषयीच्या भाषेविरुद्ध मोहीम उघडली. टाइम वॉर्नर कंपनीचे शेअर विकत घेऊन १९९५ मध्ये त्या भागधारकांच्या सभेत उभ्या राहिल्या आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांना म्हणाल्या, तुम्ही विकता ती गाणी मोठ्यानं वाचून दाखवा. कुणी वाचलं नाही. टुपाकनं त्यांना उत्तर दिलं ते गाण्यातून, नाव घेऊन, अर्वाच्य. मला त्याची पुष्कळ गाणी आवडतात, पण त्या सभेत मी बाईंच्या बाजूच्या खुर्चीवर बसलो असतो.

आणि १९९३ साल. फेब्रुवारीत त्याचा दुसरा अल्बम आला. त्यात 'कीप या हेड अप' हे गाणं आहे. लॉस एंजेलिसमध्ये १९९१ साली पंधरा वर्षांच्या लताशा हार्लिन्स या कृष्णवर्णीय मुलीला एका दुकानदारणीनं संत्र्याच्या रसाच्या बाटलीवरून झालेल्या भांडणात गोळी घातली होती. गुन्हा शाबीत झाला, तरी दुकानदारणीला तुरुंगवास झाला नाही. गाणं लताशाला अर्पण केलेलं आहे. एकट्या आयांना, टाकून दिलेल्या बायांना धीर देणारं, पुरुषांना जाब विचारणारं असं गाणं त्या काळच्या रॅपमध्ये दुर्मीळ होतं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या हॉटेलात एकोणीस वर्षांच्या एका तरुणीवर त्यानं आणि त्याच्या साथीदारांनी लैंगिक अत्याचार केल्याचा गुन्हा दाखल झाला. १ डिसेंबर १९९४ रोजी ज्यूरीनं त्याला लैंगिक अत्याचाराबद्दल दोषी धरलं. अधिक गंभीर कलमांतून तो सुटला. शिक्षा दीड ते साडेचार वर्षांची. हा आरोप त्यानं शेवटपर्यंत नाकारला, पण तुरुंगातून दिलेल्या एका मुलाखतीत, आपण काहीच केलं नाही हाही दोष आहे, अशा अर्थाची कबुली दिली.

माझी भाची कॉलेजात शिकवते. तिच्याशी हे बोलत होतो. 'कीप या हेड अप' किती मोठं गाणं आहे वगैरे मी सांगत होतो. ती म्हणाली, "मामू, लताशावर गाणं झालं, ब्रेंडावर झालं. हॉटेलातल्या मुलीवर कुणी केलं का?" मी गप्प बसलो.

मराठी वाचकाला हा प्रश्न नवा नसावा. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'नं १९७२ साली मराठी कवितेची जीभच बदलली हे कुणी नाकारत नाही. आणि त्यांच्या पत्नी मलिका अमर शेख, म्हणजे मघाशी उल्लेख केला त्या शाहिरांच्या कन्या, यांनी १९८४ च्या 'मला उद्ध्वस्त व्हायचंय'मध्ये त्याच कवीच्या संसारात आपली काय फरफट झाली ते लिहून ठेवलं. एक पुस्तक दुसऱ्याला खोटं पाडत नाही. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचावी लागतात. ढसाळांच्या बाबतीत आपल्याकडे निदान दोन्ही पुस्तकं आहेत. टुपाकच्या बाबतीत ध्वनिमुद्रिका एकाच बाजूच्या आहेत. ती तरुणी पुष्कळ वर्षांनी जाहीरपणे बोलली, पण तिला चाल लावणारं कुणी नव्हतं.

तो तुरुंगात असतानाच, मार्च १९९५ मध्ये, त्याचा तिसरा अल्बम अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. त्यातलं 'डिअर मामा' हे आईवरचं गाणं. आईवर गाणी काय, ढीगभर आहेत. पण बहुतेकांतली आई देवघरातली असते. ही आई व्यसनी आहे, आणि तरीही तिचे उपकार तो मोजतो. अफेनी पुढे व्यसनातून बाहेर आली. मुलाच्या मागे त्याच्या गाण्यांचा कारभार तिनंच २०१६ मध्ये आपल्या मृत्यूपर्यंत पाहिला.

ऑक्टोबर १९९५ मध्ये डेथ रो कंपनीचा मालक शुग नाइट यानं १४ लाख डॉलरचा जामीन उभा केला आणि बदल्यात अल्बमांचा करार करून घेतला. पुढचे अकरा महिने टुपाक झपाटल्यासारखा ध्वनिमुद्रण करत होता. कुणाला जीव घ्यायच्या धमक्या देतोय, कुणाची क्षमा मागतोय, मध्येच स्वतःच्या मयतीचं वर्णन. हे सगळं एकाच आठवड्याचं काम असे. या साठ्यातूनच त्याच्या मरणानंतर अल्बममागून अल्बम निघत राहिले, हयातीत निघाले त्याहून जास्त. बी.आय.जी. विरुद्धचं त्याचं १९९६ चं 'हिट एम अप' मी एकदाच पूर्ण ऐकलं. त्यात द्वेषाशिवाय काही नाही. ९ मार्च १९९७ रोजी बी.आय.जी. सुद्धा तसाच, मोटारीत गोळ्या लागून मेला. वय चोवीस. या दोन खुनांना नुसतं 'रॅपमधलं वैर' म्हणून सोडून देणाऱ्यांनी त्या वैरावर कॅसेटी कुणी विकल्या तेही पाहावं.

त्यानंतरचा मान-सन्मानाचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो सगळ्यांचा सारखाच असतो. १९९७ मध्ये बर्कली विद्यापीठात त्याच्या कवितेवर एक अभ्यासवर्ग निघाला. २००९ मध्ये व्हॅटिकननं इंटरनेटवर दिलेल्या आपल्या आवडीच्या बारा गाण्यांत त्याचं 'चेंजेस' होतं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं 'डिअर मामा' जतन करण्याच्या यादीत घेतलं. २०१७ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम. ज्याला समाजात जागा नाही असं उपाध्यक्ष म्हणाले होते त्याला सरकारी ग्रंथालयात जागा मिळाली. आणि २०२३ च्या सप्टेंबरात, सत्तावीस वर्षांनी, त्याच्या खुनाच्या आरोपावरून एकाला अटक झाली.

पण कलावंताचं खरं काय होतं ते पुढच्या पिढीचे कलावंत सांगतात. २०१५ मध्ये केंड्रिक लामारनं आपल्या अल्बमच्या शेवटी टुपाकच्या १९९४ मधल्या एका जुन्या मुलाखतीचे तुकडे घेतले आणि मधे मधे आपले प्रश्न पेरले, जणू दोघं समोरासमोर बसून बोलताहेत. शेवटी केंड्रिक एक प्रश्न विचारतो आणि पलीकडून उत्तर येत नाही. त्यानंतर नऊ वर्षांनी, एप्रिल २०२४ मध्ये, ड्रेक या गायकानं याच केंड्रिकला हिणवण्यासाठी संगणकाकडून टुपाकचा आवाज तयार करून घेतला आणि आपले शब्द त्याच्या तोंडी घातले. टुपाकच्या वारसांनी कायदेशीर कारवाईचा इशारा दिला. काही दिवसांत ते गाणं काढून घेण्यात आलं.